कासरा बदलायचा राहिला

रोहिदास गेल्याचं कळलं तेव्हा मी पेपर तपासत होते. एम.एस्सी.च्या मुलांची क्वांटम मेकॅनिक्सची चाचणी होती. स्टाफरूममधलं खिडकीजवळचं टेबल, हातात लाल पेन, आणि मनात नेहमीची चिडचिड, की ही मुलं गणित सुरू करतात एका पद्धतीने आणि संपवतात भलत्याच. दारात वैशाली येऊन उभी राहिली. वैशाली माझ्या वर्गातली, विसरवाडीची मुलगी, बी.एस्सी.ची तीन वर्षं ती रोहिदासच्या क्लासला होती. हातात मोबाइल घट्ट धरलेला. मी माझ्या ठेवणीतल्या सुरात म्हटलं, "काय गं, मार्क विचारायला आलीस? अजून दोन दिवस लागतील." ती म्हणाली, "मॅडम... आमचे रोहिदास सर गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं म्हणे... सुरतला नेत होते, नवापूरच्या पुढे..." आणि मी मूर्खासारखं म्हटलं, "अगं, पण तो तर लहान आहे." चाळिशी नुकतीच ओलांडली होती त्याने.

वैशालीला बसवलं, पाणी दिलं. खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या मनात आलं ते दुःख नव्हतंच. मनात आलं, 'आता कोणाला सांगणार?' कारण मला रोहिदासला एक गोष्ट सांगायची होती आणि गेलं दीड वर्ष मी ती पुढे ढकलत होते. परीक्षा झाल्या की, कॉलेजची तपासणी आटोपली की, दिवाळीनंतर... माझ्या डायरीत तीन ठिकाणी 'रोहिदासला बोलावणे' असं लिहिलेलं आहे. तिन्ही ठिकाणी पुढे काहीच नाही.

रोहिदास प्रकाशा या गावाजवळच्या एका खेड्यातला. घरची तापीकाठची शेती, कापूस, थोडी केळी, वडील स्वतः औत धरणारे. खाऊनपिऊन बरं घर होतं, पण एम.एस्सी. करून पुढे काय, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि बहुतेक रोहिदासलाही नव्हतं. त्याला फक्त फिजिक्स आवडायचं. सकाळच्या एस.टी.ने यायचा, पहिल्या बाकावर बसायचा आणि प्रश्न विचारायचा, तेही थेट अहिराणीत. आता इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. मीही इथलीच, नंदुरबारची. माझीही आई स्वयंपाकघरातून 'काय करी ऱ्हायनी वं?' असंच विचारायची. पण मी शिकायला बाहेर राहून, माझं मराठी घासूनपुसून परत आले होते, आणि वर्गात कोणी अहिराणी बोललं की आपल्या घरात कोणीतरी डोकावतंय असं मला वाटायचं. "रोहिदास, वर्गात नीट मराठीत बोल," असं मी त्याला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "हो मॅडम," म्हणायचा, दोन वाक्यं नीट बोलायचा आणि तिसऱ्या वाक्याला घसरायचा.

हा विषय शिकवणाऱ्याची एक पंचाईत असते. फिजिक्सशी संबंध नसलेल्या वाचकांनी एवढा एक परिच्छेद सोसावा. एखादा कण कोणत्या अवस्थेत आहे, हे कागदावर लिहायच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेत तो लाटेसारखा लिहितात आणि बारावीपासून ओळखीचं असलेलं इंटिग्रेशन करतात. दुसरीत आकडे एकाखाली एक मांडून उभा रकाना करतात आणि रकान्यांचे गुणाकार करतात. तिसरी कंसांची: अवस्थेचं नुसतं नाव एका टोकदार कंसात घालायचं आणि ते नावच हातात धरून पुढे जायचं. तिन्हींत सांगायचं असतं तेच, फक्त लिहायची रीत वेगळी. पण मुलं काय करतात, तर ज्याला जे जमलं ते धरून बसतात. इंटिग्रेशनवाला पानभर इंटिग्रेशन करत राहतो, जिथे दोन ओळींत भागलं असतं. रकानेवाला भराभर गुणाकार करतो, उत्तर बरोबर आणतो, आणि हे उत्तर कशाचं असं विचारलं की आढ्याकडे बघतो. कंसांना तर सगळेच बिचकतात, कारण कंसाकडे नुसतं बघत राहावं लागतं, हाताला काही काम मिळत नाही. त्यात पुस्तकं लिहिणारे या तिन्हींतून इकडून तिकडे उड्या मारतात आणि आपण उडी मारली हे सांगतही नाहीत.

पहिल्या महिन्यातच रोहिदासने विचारलं होतं, "मॅडम, हाई तिन्ही एकच शे, का अलग अलग शे?" वर्ग हसला. मी म्हटलं, "मराठीत." त्याने मराठीत विचारलं, ही तिन्ही एकच आहेत की वेगवेगळी. मी म्हटलं, "एकच आहे. पुढे कळेल." आणि पुढचं समीकरण लिहायला फळ्याकडे वळले. इतका मुळातला प्रश्न मला त्याआधी किंवा त्यानंतर कोणी विचारल्याचं आठवत नाही.

कंसांच्या बाबतीत माझी आणखी एक अडचण होती, ती आमच्यासारख्या गावात शिकवणाऱ्या बाईलाच कळेल. ज्या शास्त्रज्ञाने ही पद्धत काढली, त्याने 'ब्रॅकेट' या शब्दाचे दोन तुकडे केले. उजव्या कंसाचं नाव केट आणि डाव्याचं ब्रा. साहेबाला गंमत वाटली असेल. पण इथे वर्गात निम्मी मुलं, निम्म्या मुली, आणि फळ्याजवळ पदर सावरत मी. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो शब्द मी उच्चारला आणि मागच्या बाकांवर जी खुसखुस सुरू झाली ती तास संपेपर्यंत थांबली नाही. पुढच्या वर्षी मी 'बी, आर, ए' अशी सुटी अक्षरं म्हणून पाहिली. त्याने तर कहरच झाला. शेवटी तो भाग मी दोन तासांत उरकायला लागले. 'बाकीचं पुस्तकातून वाचा' म्हणायचं आणि डस्टर उचलायचं. ज्या पद्धतीला मुलं आधीच घाबरत होती तिच्याकडे मीच पाठ फिरवली, एका शब्दाच्या लाजेपायी.

रोहिदासने त्या शब्दावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. डाव्या कंसाला तो 'डावा' म्हणायचा आणि उजव्याला 'जेवना'. आमच्या भागात उजव्या हाताला जेवना हात म्हणतात, आणि औताच्या बैलांनाही हेच शब्द लावतात: डाव्या अंगाचा आणि जेवन्या अंगाचा. एवढं मलाही कळत होतं. या नावांच्या आत त्याने काय काय बसवलं आहे, हे मात्र मला सतरा-अठरा वर्षांनी कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की चाचणीच्या पेपरात या मुलाने समासात ठिकठिकाणी 'डा' आणि 'जे' लिहिलं आहे.

तो पेपर मला चांगला आठवतो, असं मी परवापर्यंत समजत होते. दहा मार्कांचा प्रश्न होता. एक अवस्था दिलेली. ती ठीक आहे ना ते आधी तपासायचं आणि मग तिच्यावरून एक सरासरी काढायची. रोहिदासने सुरुवात कंसांनी केली, तिसऱ्या ओळीत कंस सोडून रकाने मांडले, आणि बाजूला हे 'डा' आणि 'जे', त्यांच्यामध्ये बाण. मला वाटलं, हा त्या शब्दाची टिंगल करतोय. मागच्या बाकांवरची खुसखुस आता पेपरात आली. तिसऱ्या ओळीशी मी थांबले, पानभर तिरकी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'एका उत्तराला एकच पद्धत. हे औत नाही.' आणि शून्य.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी पेपर वाटताना मी तो हातात धरून वर्गाला वाचून दाखवला. "डावा... जेवना... काय रोहिदास, पेरणी कधी?" वर्ग खो खो हसला. रोहिदासही हसला, मान खाली घालून. पेपर घेतला, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. त्यानंतर एम.एस्सी. संपेपर्यंत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. बसायचा पहिल्याच बाकावर, लिहून घ्यायचा, मान हलवायचा. मला वाटलं, शिस्त लागली. स्टाफरूममध्ये मी तसं कौतुकाने सांगितल्याचंही आठवतं... आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तो सेकंड क्लासमध्ये पास झाला. पुढे नवापूरकडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागला, लग्न करून विसरवाडीला राहिला, आणि तिथेच हायवेलगत टायरच्या दुकानामागे एक पत्र्याची खोली घेऊन बी.एस्सी.च्या मुलांचे क्लास घेऊ लागला. गुरुपौर्णिमेला न चुकता फोन यायचा. "विसरवाडीमा ऱ्हास मॅडम, पन विसरत नही," हा त्याचा ठरलेला विनोद. मी हसायचे आणि नीट मराठीत आशीर्वाद द्यायचे.

मग मागच्या वर्षी वैशाली आमच्याकडे आली. एका तासाला मी उजव्या कंसाचा डावा करून दाखवायला सांगितलं. वैशाली उठली, फळ्याजवळ आली. आधी कंस लिहिला. त्याच्या शेजारी उभा रकाना मांडला, तो आडवा केला, आणि स्वतःशीच पुटपुटली, "कासरा बदला." मग आडव्या ओळीतल्या काल्पनिक संख्येचं चिन्ह तिने उलटं केलं, अधिकाचं उणे. गुणाकार केला. मग पुन्हा कंसांत परत आली आणि वर्गाकडे वळून म्हणाली, "म्हणजे हा कण वरच्या अवस्थेत सापडायची शक्यता निम्मी." मी विचारलं, "मघाशी काय म्हणालीस?" ती घाबरली. "सॉरी मॅडम. ते... ते आमच्या सरांचं आहे."

तास संपल्यावर तिच्याकडून सगळं काढून घेतलं. डावा आणि जेवना जुंपले की काम पुढे सरकतं, तसं डावा आणि उजवा कंस जोडला की एक आकडा हाती येतो. एकट्याने येत नाही. आणि जेवन्या अंगाचा बैल डाव्या अंगाला आणायचा, तर तो नुसता हलवून भागत नाही, त्याचा कासरा, म्हणजे हाकायची दोरी, दुसऱ्या बाजूने घ्यावी लागते. तसंच उजव्या कंसाचा डावा करताना चिन्ह बदलावं लागतं. मुलं नेमकी तिथेच चुकतात. माझी दरवर्षी चुकत होती आणि मी दरवर्षी त्यांच्यावर ओरडत होते. "आणि सर म्हणतात," वैशालीने सांगितलं, "कंसात विचार करायचा, रकान्यात गणित करायचं, आणि परत कंसात येऊन सांगायचं काय सापडलं ते."

त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षात बसून हाच विचार करत राहिले. कंस, मग रकाने, मग पुन्हा कंस. त्या पेपरात तो हेच करत होता. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही म्हणून त्याने ते स्वतः शोधलं होतं आणि माझ्याच चाचणीत मला लिहून दाखवलं होतं. आणि मी स्वतः तरी काय करत होते? घरी अहिराणी, वर्गात मराठी, फळ्यावर इंग्रजी. दिवसातून दहा वेळा मी इकडची तिकडे जात होते आणि मुलांना सांगत होते, एकच पद्धत.

मी ठरवलं, रोहिदासला वर्गात बोलवायचं. त्याच्या हाती खडू द्यायचा, आपण शेवटच्या बाकावर बसायचं, आणि तास संपल्यावर सगळ्यांसमोर म्हणायचं, की अठरा वर्षांपूर्वी याच वर्गात मी या मुलाला हसले होते आणि चूक माझी होती. ठरवलं, डायरीत लिहिलं आणि राहू दिलं. आज राहिलं तर उद्या बोलवू, जातोय कुठे तो? शिवाय, खोटं कशाला बोलू, माफी मागायला मला सवड हवी नव्हती, धीर हवा होता.

त्याची माझी शेवटची भेट नंदुरबारच्या बसस्टँडवर झाली, तो जायच्या सात-आठ महिने आधी. दुपारची वेळ, उन्हाने डोकं उठलेलं. कोणीतरी गर्दीतून येऊन पायाशी वाकलं. पोट सुटलेलं, कपाळ मोठं झालेलं, खांद्याला पिशवी. ओळखायला क्षणभर वेळ लागला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, त्याची मुलगी चौथीत गेल्याचं सांगून झालं. मग तो जरा अडखळला आणि म्हणाला, "मॅडम, तुमले एक दखाडनं व्हतं." आणि त्याने पिशवीची चेन उघडून आत हात घातला. तेवढ्यात माझी बस लागली आणि माणसं दाराशी धावली. त्याने हात बाहेर काढला, चेन लावली. "ऱ्हाऊ द्या. कॉलेजमा ईसू." मी म्हटलं, "नक्की ये. मलाही तुझ्याशी बोलायचंय." "काय मॅडम?" "आलास की सांगते." गर्दीत घुसून त्यानेच मला खिडकीची जागा धरून दिली. बस निघाली तेव्हा खाली उभा राहून त्याने हात वर केला. दोन मिनिटं पुरली असती. दुसरी बस अर्ध्या तासाने होती.

शोकसभा त्याच्या त्या पत्र्याच्या खोलीतच होती. वैशाली मला घेऊन गेली. बाहेर ट्रकांची ये-जा, आत सतरंजीवर दाटीने बसलेली मुलंमुली, काहींचे आईबाप, आणि समोर फळ्याला टेकवलेला रोहिदासचा फोटो. मला खुर्ची दिली. रोहिदासची बायको रंजना भिंतीशी बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मुलं एकेक उठून बोलत होती. त्यांतला एक, आता नवापूरला शाळेत शिकवणारा, बोलता बोलता म्हणाला, "सर दरवर्षी एक गोष्ट सांगायचे. त्यांनी एमेस्सीला असताना डाव्या कंसाचं एक चिन्ह बदललं नव्हतं, आणि त्यांच्या मॅडमनी त्या एका चिन्हासाठी पूर्ण दहा मार्क कापले होते. सर म्हणायचे, 'तवय मले राग ऊना व्हता. पन मॅडमनी नजर कशी, दखा! एक चिन्ह बी सुटनं नही.' त्या मॅडम आज इथे आल्या आहेत." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बसल्याजागी नमस्कार केला.

मला कुठलंही चिन्ह आठवत नव्हतं. मला आठवत होतं 'डा', 'जे', आणि 'पेरणी कधी'. मला वाटलं, आपली लाज झाकायला रोहिदासने ही गोष्ट रचली असेल. आपल्या बाईंनी आपल्याला हसून शून्य दिलं, हे कुठला मास्तर आपल्या मुलांना सांगेल? माझी बोलायची पाळी आली. रोहिदास गुणी होता, कष्टाळू होता, आमच्या कॉलेजला त्याचा अभिमान आहे... चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. ज्या गोष्टीसाठी दीड वर्ष धीर गोळा करत होते, ती सांगायची याहून चांगली जागा मला मिळणार नव्हती. मी गप्प बसले. सगळे आदराने बघत होते आणि तो आदर माझ्याने सोडवला नाही.

निघताना रंजनाने थांबवलं. आत जाऊन एक प्लॅस्टिकचं पाकीट घेऊन आली. "मॅडम, हाऊ कागद त्यासनी जपी ठेयेल व्हता. तुमलेच दखाडनार व्हतात." मी तिचा हात धरला.

परतीच्या बसमध्ये मी पाकीट उघडलं. चार घड्यांचं, घड्यांवर विरलेलं पान. माझी तिरकी रेघ, माझा शेरा, माझं शून्य. आणि मग मी ते उत्तर वाचलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी... आणि चौथी, जिथवर मी कधी पोहोचलेच नव्हते. कंसातून रकान्यात तो बरोबर आला होता. रकाना आडवा केला होता. चिन्ह बदललं नव्हतं. त्या एका चिन्हामुळे, जिथे उत्तर एक यायला हवं होतं, तिथे त्याचं शून्य आलं होतं. एक येणं म्हणजे कण कुठे ना कुठे नक्की आहे. शून्य म्हणजे तो कुठेच नाही. बाकी सगळी मांडणी स्वच्छ होती. मी शेवटपर्यंत वाचलं असतं, तर त्या चिन्हाभोवती गोल केला असता, तीन मार्क कापले असते आणि सात दिले असते.

पानाच्या खालच्या कोऱ्या भागात पेन्सिलने, मोठ्या माणसाच्या अक्षरात, तेच उदाहरण पुन्हा सोडवलेलं होतं. एकदा नुसत्या कंसांत, एकदा नुसत्या रकान्यांत, आणि एकदा त्याच्या पद्धतीने दोन्हींतून. तिन्हींचं उत्तर एक. त्याखाली लिहिलं होतं: 'जेवना डावीकडे आणला, कासरा बदलायचा राहिला. मॅडमना लगेच दिसलं, मला दिसायला सहा वर्षं लागली. मॅडमना दाखवणे.' आणि वर, माझ्या 'एका उत्तराला एकच पद्धत' या शेऱ्याशेजारी, त्याच पेन्सिलीने एक बारीकसं प्रश्नचिन्ह.

म्हणजे त्याने गोष्ट रचली नव्हती. त्याने आपल्या शून्याचं कारण शोधलं होतं. शून्य दिलंय म्हणजे त्याला काहीतरी कारण असणारच, मॅडम उगाच कापणार नाहीत, असं धरून तो सहा वर्षं ते पान पुन्हा पुन्हा वाचत राहिला आणि शेवटी ती चूक त्याला सापडली. आणि सापडल्यावर तिचं श्रेय त्याने मला दिलं. वर्षामागून वर्षं, टायरच्या दुकानामागच्या त्या खोलीत, मुलांपुढे. माझ्यावरचा त्याचा विश्वास किती होता हे कळलं तेव्हा बस खांडबाऱ्याच्या पुढे आली होती, आणि शेजारच्या बाईने मला विचारलं, "बरं वाटत नाही का ताई?"

आता पेपर मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. निकाल उशिरा लागतात, ऑफिसातून फोन येतात, येऊ देत. कंसातून रकान्यात आणि रकान्यातून कंसात कोणी कितीही वेळा जावो, मी रेघ ओढत नाही. फक्त कुठून कुठे गेलास ते सांग म्हणते. वर्गात मी 'डावा' आणि 'जेवना' म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मुलं जरा चमकली, हसलं कोणी नाही. पण परवा वैशाली एका ज्युनिअर मुलीला सांगत होती, "मॅडमच्या पेपरात चिन्ह सांभाळ बरं का. मॅडमना लगेच दिसतं." मी दाराबाहेर उभी होते. तेव्हाही आत जाऊन बोलायला जीभ रेटली नाही. म्हणून हे लिहिते आहे. विसरवाडीला रविवारची पुरवणी जाते.

तर वैशाली, आणि त्या दिवशी सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांनो, मॅडमना ते चिन्ह दिसलं नव्हतं. मॅडमनी ते उत्तर वाचलंच नव्हतं. ते चिन्ह तुमच्या सरांना सापडलं, एकट्याला, कोणाच्याही मदतीशिवाय. नजर त्याची होती.

ते पान आता माझ्या टेबलावरच्या काचेखाली आहे. शून्य खोडून सात करावं म्हणून एकदा पेन उचललं होतं, पण ते मार्क आता कोणाला देऊ? शून्य तसंच ठेवलंय. त्याच्या त्या बारीक प्रश्नचिन्हाशेजारी मात्र मी लाल शाईने उत्तर लिहिलं. उभ्या आयुष्यात अहिराणीत लिहिलेली ही माझी पहिली ओळ आहे. 'तिन्ही एकच शे रे, रोहिदास. तुन्हं बरोबर व्हतं.'